पोलिसांनी फोन करून 'गाडीचं लाइव्ह लोकेशन पाठव' म्हटलं तर द्यायचं का? कायदा काय म्हणतो?

शिवोलीचा_बाइकवाला
नमस्कार मंडळी. माझा गोव्यात रेंट-अ-बाइकचा धंदा आहे, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं वाल्या स्कूटर. प्रत्येक गाडीत सीटखाली जीपीएस ट्रॅकर बसवलाय, बॅटरीच्या वायरलाच जोडलेला, कारण पूर्वी गाड्या पत्रादेवीची राज्यसीमा ओलांडून गेल्या की शोधता शोधता जीव जायचा. आता सीझनला महिन्यातनं दोन-चार फोन येतात, अमुक पोलीस ठाण्यातनं बोलतोय, तमुक नंबरची ॲक्टिव्हा कुठे आहे, लिंक टाक व्हॉट्सॲपवर. कधी कारण सांगतात (मुलगी हरवलीय, अपघात करून पळालाय), कधी विचारलं तर आवाज चढवतात. आता तर एका ठाण्यातनं सरळ ॲपचा लॉगिन-पासवर्डच मागितला, कायमचा, म्हणजे माझ्या सगळ्या गाड्या आणि सगळी गिऱ्हाइकं त्यांना चोवीस तास दिसणार. मी अजून दिलेला नाही, दोनदा टाळलं. मला विचारायचंय ते हे की असं तोंडी मागता येतं का, लेखी लागतं का, आणि कोणाची सही लागते. आणि समजा पोलिसांनी स्वतःच एखाद्याच्या गाडीला गुपचूप ट्रॅकर चिकटवला तर त्याला कोणाची परवानगी लागते? कोर्टाची? मला पोलिसांशी भांडायचं नाही, पण जो माणूस माझ्याकडनं गाडी नेतो तो माझ्या भरवशावर नेतो, हेही खरं आहे.

म्हापशेकर
देऊन मोकळा हो बाबा. गोव्यात धंदा करायचा आणि ठाण्याशी वाकडं घ्यायचं हे कसं जमायचं. ज्याने काही केलं नाही त्याला कसली भीती.

सत्तरीची_लेक
@म्हापशेकर, नाही पटलं. मी वाळपईहून पणजीला रोज स्कूटरने जाते. मी काही केलं नाही, पण मी किती वाजता कुठल्या वळणावर एकटी असते हे फोनवरच्या अनोळखी माणसाला कळावं असं मला अजिबात वाटत नाही. आणि फोनवरचा माणूस पोलीसच आहे हे बाइकवाल्या भावाला कसं कळणार? उद्या एखादीचा नवरा किंवा माजी मित्र 'पीएसआय बोलतोय' म्हणून फोन करेल. टाळलंस ते बरंच केलंस.

काळा_कोट
म्हापसा आणि पर्वरी दोन्हीकडे प्रॅक्टिस करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. लोक 'लोकेशन' या एका नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी घालतात आणि मग गोंधळ होतो, कारण प्रत्येकाचा कायदा वेगळा आहे.

तुझ्याकडे आधीच असलेली माहिती पोलिसांना हवी असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ लागू होतं (जुन्या सीआरपीसीचं ९१, नवीन संहिता १ जुलै २०२४ पासून). तपासासाठी गरज असेल तर कोर्ट समन्स काढू शकतं किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. लेखी हा शब्द कायद्यातच आहे. आदेश कागदावर किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात चालतो, म्हणजे अधिकृत ईमेलवर आला तरी आदेशच. पण प्रभारी अधिकाऱ्याचा हवा. ड्युटीवरच्या कोणीही फोन केला म्हणजे आदेश झाला असं नाही.

फोनचे कॉल रेकॉर्ड आणि टॉवर लोकेशन मोबाइल कंपनीकडनं मागवायचं तर केंद्रीय गृहखात्याच्या २०१३ च्या सूचनेनुसार एसपी किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फतच मागवावं लागतं.

फोन टॅपिंग म्हणजे बोलणं ऐकणं, त्याला राज्याच्या गृहसचिवाचा आदेश लागतो. डिसेंबर १९९६ ला पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने चौकट घातली, मग टेलिग्राफ नियमांत ४१९-अ हा नियम आला, आता डिसेंबर २०२४ चे नवे नियम आहेत. आदेश साठ दिवसांचा, वाढवला तरी एकूण १८० दिवसांच्या वर नाही. तातडीत आयजी दर्जाचा अधिकारी आधी सुरू करू शकतो, पण सात कामकाजाच्या दिवसांत गृहसचिवाची मंजुरी नाही आली तर बंद.

आणि तुझा शेवटचा प्रश्न, पोलिसांनी स्वतः गाडीला ट्रॅकर चिकटवणं. यासाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही. कोणाची सही, किती दिवस, कुठल्या गुन्ह्यात, काहीच लिहिलेलं नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टास्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवताना सांगितलं की त्यात हात घालायचा तर आधी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. पहिली पायरीच नसेल तर पुढच्या दोन कशावर उभ्या राहणार?

निवृत्त_जमादार
वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, आता मी ठाण्यातली बाजू सांगतो. बाइकवाल्या पोरा, पोलीस मागतो तेव्हा दर वेळी दादागिरी नसते रे. हरवलेल्या माणसाच्या केसमध्ये पहिले काही तास हातातले गेले की गेले. आमच्या वेळी टॉवर लोकेशन मागवायचं म्हणजे एसपी ऑफिसला पत्र, तिथनं कंपनीच्या नोडल ऑफिसरला मेल, आणि उत्तर यायचं ते टॉवरचा अक्षांश-रेखांश आणि अँटेना कुठल्या दिशेला तोंड करून आहे एवढंच. डिचोलीकडचा एक म्हातारा घरातनं निघून गेला होता, विसरण्याचा आजार होता त्यांना. लोकेशन आलं दोडामार्गचं. आम्ही सगळे महाराष्ट्राच्या बाजूला शोधत बसलो आणि म्हातारा सापडला अलीकडे गोव्याच्याच हद्दीत, काजूच्या बागेत, पायात एकच चप्पल, उन्हाने ओठ फुटलेले, आणि खिशात फोन चालू. तेव्हा त्यांच्याकडे जीपीएसवालं काहीतरी असतं तर अर्ध्या तासात मिळाले असते.

तरीपण लॉगिन मागणं चूकच. दर्जाची अट पूर्वी एवढी कडक नव्हती, मग दिल्लीत अरुण जेटलींचे कॉल रेकॉर्ड एका पोलिसाने काढल्याचं प्रकरण २०१३ ला बाहेर आलं आणि त्यानंतर एसपीचा नियम आला. आत बसलेल्या माणसालाही कुंपण लागतं, आणि ते त्याच्या भल्याचंच असतं, नाहीतर वरनं कोणीही सांगतो 'जरा अमक्याचं बघून दे' आणि खालचा पोरगा नोकरीला मुकतो.

नेटवर्कवाला
जमादार काका, दोडामार्गचं तुमचं अगदी बरोबर. टॉवर म्हणजे माणूस कुठे आहे ते नाही, फोन कोणाशी बोलतोय ते. पणजीत टॉवर जवळजवळ आहेत म्हणून काही शे मीटरपर्यंत कळतं, सत्तरीत सांग्यात तोच हिशोब किलोमीटरमध्ये जातो. किरणपाणीला नदीकाठी उभे राहा, फोन पलीकडचा आरोंद्याचा टॉवर पकडून महाराष्ट्रात गेलेला असतो. बाइकवाल्याच्या ट्रॅकरचं तसं नाही. तो उपग्रहावरनं जागा काढतो, काही मीटरपर्यंत अचूक, आणि आतल्या सिमवरनं सर्व्हरला पाठवतो (त्या सिमचा नंबर तेरा आकडी असतो). म्हणजे जी माहिती टॉवरची असली तर एसपीची सही लागते, तिच्याहून कितीतरी बारीक माहिती बाइकवाल्याकडनं एका फोनवर मागतात. हे उलटं आहे.

पोदेराचा_शेजारी
आमच्या वाड्यावर ना टॉवर लागतो ना जीपीएस. आईला मी कुठे आहे हवं असेल तर ती पोदेराला (घरोघर पाव विकणाऱ्याला) विचारते, तो संध्याकाळच्या फेरीत अख्ख्या गावाचं लोकेशन सांगतो 😀

सत्तरीची_लेक
@पोदेराचा_शेजारी 😂 आणि त्याला गृहसचिवाची मंजुरीही लागत नाही.

@नेटवर्कवाला, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. खूप महत्त्वाचा आहे.

स्विंडनची_गोंयकार
इथे इंग्लंडमध्ये गाडीला ट्रॅकर लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेत हात घालणं असं धरतात, त्यासाठी १९९७ च्या पोलीस कायद्याखाली वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, ती तीन महिने चालते. घाईत तोंडी दिली तर ७२ तास. म्हणजे इथेही न्यायाधीश प्रत्येक वेळी मध्ये नसतो, पण मुदत आणि सही आहे. माझे अर्धे नातेवाईक पोर्तुगीज पासपोर्टवर आहेत म्हणून तिकडचंही सांगते, एप्रिल २०२२ ला पोर्तुगालच्या घटना न्यायालयाने फोन कंपन्यांनी सगळ्यांचा डेटा सरसकट साठवून ठेवायचा कायदाच घटनाबाह्य ठरवला. लोकेशनही त्यातच आलं.

लॉ_तिसरं_वर्ष
आम्हाला अमेरिकेचा जोन्स खटला शिकवला तो इथे एकदम फिट बसतो. पोलिसांकडे वॉरंट होतं, दहा दिवसांत आणि वॉशिंग्टन शहरातच ट्रॅकर लावायचं. त्यांनी लावला अकराव्या दिवशी आणि तोही शेजारच्या मेरिलँडमध्ये! मग २८ दिवस जीपच्या मागावर, दोन हजारांच्या वर पानांचा डेटा. २०१२ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी निकाल आरोपीच्या बाजूने दिला, गाडीला वस्तू चिकटवून माहिती घेणं ही झडतीच आहे असं म्हणून. कारणं मात्र न्यायाधीशांनी वेगवेगळी दिली, काही म्हणाले मालमत्तेला हात लावला म्हणून, काही म्हणाले इतके दिवस सलग पाहत राहणं हेच खासगीपणावर घाला आहे. नंतर २०१८ ला कार्पेंटर खटल्यात १२७ दिवसांचं टॉवर लोकेशन, त्यात १२,८९८ नोंदी. तिथे पाच विरुद्ध चारने ठरलं की त्यालाही वॉरंट लागतं. एक नोंद काही सांगत नाही, पण बारा हजार नोंदी मांडल्या की माणूस कुठल्या देवळात जातो, कुठल्या डॉक्टरकडे जातो, रात्री कोणाकडे थांबतो सगळं उघडं पडतं.

म्हापशेकर
अमेरिका इंग्लंड पोर्तुगाल सगळं झालं, म्हापशाच्या ठाण्यात यातलं काय चालणार ते सांगा.

काळा_कोट
रास्त प्रश्न. मग आपल्याच सुप्रीम कोर्टाचं सांगतो, आणि ते गोव्याच्या वकिलांना रोज उपयोगी पडणारं आहे. ८ जुलै २०२४, फ्रँक व्हायटस विरुद्ध नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरो. नायजेरियन आरोपी, अमली पदार्थांचा गुन्हा, दिल्ली हायकोर्टाने जामीन देताना अट घातली की गूगल मॅपवर पिन टाकून ठेवायची म्हणजे तपास अधिकाऱ्याला तो कुठे आहे ते कळेल. न्या. ओक आणि न्या. भुयान यांनी ती अट रद्द केली. जामिनावर सुटलेल्या माणसाच्या खासगी आयुष्यात पोलिसांना सतत डोकावता येईल अशी अट घटनेच्या कलम २१ च्या विरुद्ध आहे म्हणाले. आणि मजा म्हणजे गूगलनेच कोर्टाला सांगितलं की अशा पिनने माणसाचा रिअल टाइम माग निघतच नाही. आता मला सांगा, गुन्ह्याचा आरोप असलेल्या माणसावरही कोर्टाला असं सतत लक्ष ठेवू देता येत नाही, तर ज्याच्यावर काहीच आरोप नाही अशा सगळ्या गिऱ्हाइकांवर एका लॉगिनने कसं ठेवता येईल?

कोलवाळ_रोड
मग ते काश्मीरमध्ये पायात जीपीएसचं कडं घालतात ते कसं चालतं?

काळा_कोट
नोव्हेंबर २०२३ ला जम्मूच्या एनआयए कोर्टाच्या आदेशावरून सुरू झालं ते, जामिनावरच्या दहशतवादाच्या आरोपीला. निदान आदेश कोर्टाचा होता. शिवाय २०२३ च्या आदर्श तुरुंग कायद्यात अशी तरतूद आहे की कैद्याची तयारी असेल तर ट्रॅकर घालून रजा देता येईल. पण तो आदर्श मसुदा आहे, राज्याने स्वीकारला तर. व्हायटस निकालानंतर जामिनाच्या अटीत हे टिकवणं अवघड आहे असं माझं मत.

कोलवाळ_रोड
आमच्या ओळखीतला एक मुलगा खटला सुरू व्हायची वाट बघत कोलवाळच्या तुरुंगात बसलाय. त्याला विचारलं तर तो आनंदाने कडं घालून घरी येईल, त्याच्या आईला आज तरी खासगीपणा नको, मुलगा हवाय. तेव्हा सरसकट वाईट म्हणू नका एवढंच.

सत्तरीची_लेक
खरंय हो. त्याची मर्जी विचारून, कोर्टासमोर, ठराविक दिवसांसाठी असेल तर माझाही विरोध नाही.

टॅक्सी_स्टँड_दाबोळी
इथे बाइकवाल्याची चर्चा चाललीय पण आमच्या टॅक्सीला तर सरकारनेच जीपीएस घातलाय. मोटार वाहन नियमातला १२५-एच, सार्वजनिक वाहनाला लोकेशन यंत्र आणि पॅनिक बटण पाहिजे, दुचाकी तिचाकीला सूट. पुन्हा डिजिटल मीटरमध्ये पण जीपीएस. बायकांच्या सुरक्षेसाठी आहे म्हणून सांगितलं, ते मान्य, माझीही मुलगी रात्री टॅक्सीने येते. पण तो डेटा किती दिवस राहतो, कोण बघतो, हे आम्हाला कोणी समजावून सांगितलं नाही. खाणीवरच्या ट्रकवाल्यांनाही जीपीएस आहे, तिथे खनिज चोरीचा प्रश्न होता म्हणून समजू शकतो. माझं म्हणणं एवढंच, ज्या कामासाठी बसवलं त्याच कामासाठी वापरा.

म्हापशेकर
मीटरला विरोध करायला जीपीएसचं निमित्त झालं तुम्हाला. ॲपवाल्या टॅक्सी चालतात ना जीपीएसवर, कोणाची तक्रार नाही.

टॅक्सी_स्टँड_दाबोळी
पात्रांव, तुम्ही विमानतळावर एक दिवस लाइनीत बसून बघा मग बोला.

धागा_सांभाळणारा
टॅक्सी विरुद्ध ॲपसाठी वेगळा धागा आहे, तिकडे चला. इथे पोलीस आणि लोकेशन.

लॉ_तिसरं_वर्ष
पुराव्याचं राहिलं. समजा पोलिसांनी बेकायदा लोकेशन मिळवलं, मग कोर्टात चालतं का? दुःखाची गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा चालतं. १९७२ चा मलकानी, १९७३ चा पूरनमल, दोन्हीत सुप्रीम कोर्टाची भूमिका अशी की पुरावा संबंधित असेल तर तो कसा मिळवला यावरनं बाद होत नाही. पण २०१९ ला मुंबई हायकोर्टाने विनीत कुमार प्रकरणात टॅपिंगचे आदेशच रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं, पुट्टास्वामीचा आधार घेऊन. मुंबई हायकोर्ट म्हणजे आपलंही हायकोर्ट, पर्वरीचं खंडपीठ त्याचंच.

काळा_कोट
शाब्बास. आणि बाइकवाल्यासाठी यातनं निघणारी कामाची गोष्ट: इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. आपल्या जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणुकीच्या वादात २०२० ला सुप्रीम कोर्टाने ते सक्तीचं आहे हे पक्कं केलं. आता साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्याचे दोन भाग, एक यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा, एक तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलचा डिजिटल ठसा) त्यात लिहायची. म्हणजे ट्रॅकर तुझा, तर सही तुझी, आणि उद्या साक्षीला पिंजऱ्यातही तूच. तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांची केसच लंगडी होते. लेखी मागणं हे त्यांच्याही फायद्याचं आहे, हे त्यांना शांतपणे सांग.

म्हापशेकर
ठीक, लॉगिन देऊ नये हे आलं लक्षात. पण अपघात करून कोण पळालाय, माणूस रस्त्यावर रक्ताच्या थारोळ्यात आहे, तेव्हा हा बाइकवाला 'आधी कागद आणा' म्हणणार का?

निवृत्त_जमादार
नाही म्हणायचं. तेव्हा त्या एका गाडीचं त्या क्षणाचं लोकेशन द्यायचं. पण आधी फोन ठेवून ठाण्याच्या लँडलाइनवर उलटा फोन लावायचा किंवा ११२ वर खात्री करायची, दोन मिनिटं लागतात. नाव, हुद्दा, बक्कल नंबर, वेळ, कारण वहीत लिहायचं. स्टेशन डायरीत नोंद झाली का विचारायचं. खरा पोलीस याला कधी चिडत नाही. चिडला तर समजून जा. आणि त्याच दिवशी लेखी आदेश मागून घ्यायचा.

सत्तरीची_लेक
काका, हे अगदी मनापासून पटलं. आणि भाऊ, गाडी देताना गिऱ्हाइकाला सांगतोस का की ट्रॅकर आहे म्हणून? मला कोणी सांगितलं नाही तर मला फार राग येईल.

शिवोलीचा_बाइकवाला
तोंडी सांगतो ताई, पण करारात लिहिलेलं नाही. या आठवड्यात घालतो, मराठी, इंग्रजी, हिंदी तिन्हीत.

सगळ्यांचे आभार. आमच्या भागातल्या रेंटलवाल्यांच्या ग्रुपवर टाकायला मी हे लिहिलंय, वकीलसाहेब एकदा बघा: "पोलिसांना सहकार्य करायचं. ॲपचा लॉगिन कोणालाही द्यायचा नाही. जीव धोक्यात असेल तर खात्री करून त्या एकाच गाडीचं लोकेशन त्या वेळेपुरतं द्यायचं आणि वहीत नोंद करायची. बाकी वेळी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा कलम ९४ चा लेखी आदेश, त्यात गाडी नंबर, गुन्हा नंबर आणि तारीख. आदेशाची प्रत फाइलला लावायची."

काळा_कोट
चांगलं झालंय. फक्त तारखेच्या जागी 'कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत' असं घाल. कलम ९४ मुळात असलेली वस्तू किंवा नोंद हजर करण्यासाठी आहे, पुढचे महिनाभर लाइव्ह बघत बसायला ते पुरत नाही असं मी कोर्टात मांडेन. आणि कोणी तरीही लॉगिनसाठी त्रास दिला तर आधी एसपींना लेखी तक्रार, पोच घेऊन. मग राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे पणजीत. त्या ठाण्याचं नाव इथे लिहू नकोस, मला व्यनि (खासगी निरोप) कर, मी पत्राचा मसुदा देतो. पैसे नकोत.

निवृत्त_जमादार
आणि वही घे ती पानांवर नंबर छापलेली घे रे. सुटी पानं कोर्टात उपयोगाची नसतात.